धुऱ्याजवळचे दोन तास

दसरा होऊन चार दिवस झाले आणि टांझानियातून घरी निघायला मला अजून दहा दिवस आहेत. काल मायचा फोन आला तेव्हा तिने सांगितले की वावरात पहिला वेचा सुरू झाला असून त्या वेळची सीतादहीची पूजाही आटोपली, मात्र धुऱ्याजवळचे दोन तास तिने न वेचता माझ्यासाठी राखून ठेवले आहेत. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास आणि शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. मागून बाबांचा आवाज आला, "कापूस काही तुही वाट पाहत रायनार नाही." तेही खरे आहे, कारण फुटलेल्या बोंडाला परतीच्या पावसाने कधीही गाठावे असे हे दिवस आहेत.

माझे गाव यवतमाळ जिल्ह्यात, कळंबच्या बाजूला आहे. मार्च २०२४मध्ये मी टांझानियातील शिन्यांगा प्रांतात एका संस्थेची स्वयंसेवक म्हणून आले आणि कापूस पिकवणाऱ्या स्त्रियांच्या गटांसोबत काम करू लागले. दोन वर्षांच्या करारात घरी जाण्याची संधी एकदाच मिळते आणि ती मी दिवाळीसाठी जपून ठेवली होती. येथे मला पगार नाही, निर्वाहापुरता भत्ता मिळतो. गावात हे कोणालाच पटत नाही, म्हणून मायने परस्पर "सरकारी कामावर गेली" असे सांगून तो विषय मिटवून टाकला आहे. घरी गेल्यावर या एका वाक्याचा निस्तार मलाच करावा लागणार आहे.

मी निघाले तेव्हा आमच्या वावरात वाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडे, उपटणे चालू होते, आणि येथे उतरले तर पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती. शिन्यांगा विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेस आहे. येथील पाऊस साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पडतो, त्यामुळे पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरात होते आणि वेचणी मे महिन्यापासून पुढे चालते. घरी सरकी टोबण्याची घाई असते त्या जूनमध्ये येथे कापूस वेचला जातो. एकोणीस महिन्यांत मी येथील दोन वेचण्या पाहिल्या आणि घरची एकही पाहिली नाही. आरंभी मी दिवस मोजत असे, पण नंतर मनातल्या मनात घरच्या पिकाची अवस्था ठरवण्याची सवय लागली: आज डवरणी चालली असेल, आज पात्या लागल्या असतील, आज बोंड धरले असेल. मग मायला फोन करून मी खात्री करून घेत असे. अंदाज आठ दिवसांनी चुकला तर वाईट वाटे, कारण त्याचा अर्थ पाऊस लांबला असा असे.

तास या शब्दाने येथे माझी एकदा फजिती केली आहे. स्वाहिली बोलणारे लोक दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास होतो. पहिल्याच महिन्यात मी गटाची सभा नऊ वाजता ठेवली आणि स्वाहिलीत 'सा तिसा' असे सांगून मोकळी झाले. शब्दशः ते नऊच होतात, पण त्यांच्या हिशेबाने दुपारचे तीन. मी सकाळभर आंब्याखाली एकटी बसून राहिले आणि दुपारी तीनला सगळ्या जणी ठरल्या वेळी आल्या. उशिरा आल्याबद्दल मी नापसंती दाखवणार होते. बरे झाले, तोंड उघडण्याआधीच एका म्हातारीने हसत हसत मला घड्याळ समजावून दिले.

त्या म्हातारीला मी बीबी म्हणते, म्हणजे आजी. वडीलधाऱ्यांना येथे 'शिकामू' म्हणून अभिवादन करतात आणि त्याचा मूळ अर्थ 'मी तुमचे पाय धरते' असा सांगितला जातो. पाया पडण्याच्या संस्कारात वाढलेल्या मुलीला हा शब्द शिकायला अर्धा दिवसही लागला नाही. दुकानाला 'दुका', पैशाला 'पेसा', हिशेबाला 'हेसाबु', रंगाला 'रांगी' आणि गाडीला 'गारी' म्हणणाऱ्या भाषेत परकेपणा तसाही फार काळ टिकत नाही. परकेपणा वाटतो तो जेवताना. म्लेंडा नावाची बुळबुळीत पालेभाजी मला आता आवडते, पण तिच्या प्रत्येक घासाला अंबाडीच्या भाजीचा आंबटपणा आठवतो. मायला मी दिवाळीच्या फराळाचे काही सांगितले नाही. अंबाडी, ज्वारीची भाकर आणि भेदराची, म्हणजे टोमॅटोची, चटणी एवढेच मागितले आहे. त्यावर "एवढ्या दुरून येऊन भाकरच खाशील का?" असे तिने विचारले.

येथून प्रवासाला निघालेल्या माणसाकडे परतताना 'झावादी' आणण्याची मागणी होते, म्हणजे भेटवस्तूची. या खेपेला बायकांनी वस्तूंऐवजी प्रश्नांची यादी दिली आहे. तुमच्याकडे एक बाई दिवसाला किती किलो कापूस वेचते? तिला मजुरी किलोवर मिळते की दिवसावर? पीक निघाल्यावर झाडे उपटून जाळावीत असा नियम आमच्याकडे आहे, तसा तुमच्याकडे आहे का? या तिसऱ्या प्रश्नाने मला थोडे अवघडल्यासारखे झाले. आमच्याकडे कृषी खाते दरवर्षी फरदड, म्हणजे वेचणीनंतर त्याच झाडांचे वाढीव पीक, घेऊ नका म्हणून सांगते, कारण उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी तग धरून राहते, आणि तरीही दोन पैसे जास्तीचे मिळतील म्हणून अनेक जण पाणी देऊन फरदड घेतात. आमच्या बाबांनीही घेतली आहे. २०१७मध्ये बोंडअळीने जिल्ह्यातील कापूस पोखरला, त्यानंतर मात्र त्यांनी फरदडीचे नाव काढले नाही.

शेवटचा प्रश्न बीबीचा होता. कापूस विकल्यावर पैसे कोणाच्या हातात पडतात आणि वावरावर तुझ्या आईचे नाव आहे का, असे तिने विचारले. निंदण, वेचणी आणि वाहणे बायकांनी करायचे आणि पैसे मोजताना पुरुषांनी पुढे यायचे, या गोष्टीवर त्यांच्या गटात वर्षभर चर्चा चालू आहे. त्या चर्चेत मीच सर्वांत मोठ्याने बोलत असे, आणि माझ्या स्वतःच्या घरचा सातबारा मी कधी उघडून पाहिलेला नव्हता. त्या रात्री मायला फोन केला. आमची वेळ टांझानियाच्या अडीच तास पुढे असल्यामुळे ती झोपायच्या बेतात होती. "सातबारा तुह्या बाबाच्या नावानं आहे, त्यात काय विचारायचं," असे म्हणून ती हसली, आणि थोड्या वेळाने तिने स्वतःच सांगितले की ती नवी नवरी असताना, १९९०च्या सुमारास, शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करण्याच्या मोहिमेची, सभा आमच्या बाजूच्या गावात झाली होती आणि तेथील काही बायकांची नावे तेव्हा सातबाऱ्यावर चढली होती. "तुह्या बाबानं ऐकलं होतं भाषण," एवढे म्हणून तिने फोन ठेवला.

योगायोग असा की हाच विषय घरीही निघाला आहे. यंदाच्या, म्हणजे २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, परंतु त्या भावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' या ॲपवर आधी नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी सातबारा व पिकाची नोंद हवी. ऑगस्ट २०२५मध्ये कापसावरचे आयातशुल्क माफ झाल्यापासून व्यापारी हात आखडता घेतील अशी बाबांची धास्ती आहे, म्हणून भाऊ रोज मोबाइल घेऊन नोंदणीच्या मागे लागला आहे. मी त्याला म्हटले, कागद काढतोच आहेस तर मायचे नाव लावायला काय लागते तेही तलाठ्याकडे विचारून ये. त्याने विचारले की नाही ते ठाऊक नाही. बाबा मात्र "ये मग पाहू" म्हणाले आहेत. आमच्या घरात या तीन शब्दांचा अर्थ होकार असाही होतो आणि नकार असाही, आणि तो समजून घ्यायला समोरासमोर बसावे लागते.

सामान जवळपास बांधून झाले आहे. बाबांसाठी झांझिबारची लवंग आहे आणि मायसाठी कांगा. कांगा जोडीने विकतात आणि त्याच्या काठाजवळ एक ओळ छापलेली असते. मी घेतलेल्यावर 'हराका हराका हाइना बाराका' असे आहे, म्हणजे घाईत बरकत नाही. बरकत हा शब्द मायला ओळखीचा वाटेल, परंतु ती त्यातील एक कापड कोठीवर झाकण म्हणून घालील याविषयी माझ्या मनात शंका नाही. येथून बसने म्वांझा, तेथून दार-ए-सलाम, मग थेट मुंबई आणि पुढे विदर्भ एक्सप्रेसने वर्धा असा मार्ग आहे. मी टांझानियाला येण्याच्या काही दिवस आधीच वर्ध्याहून कळंबला रेल्वे सुरू झाली होती आणि त्या गाडीत बसण्याची माझी फार इच्छा आहे, पण भाऊ म्हणतो की वेळ जुळणार नाही, मी मोटारसायकल घेऊन स्टेशनवर येतो.

हे लिहीत असतानाच त्याचा निरोप आला. काल रात्री तासभर पाऊस झाला आणि ते राखून ठेवलेले दोन तास पुरते भिजले. कापूस पिवळा पडून त्याची कवडी होईल, म्हणून बाबा सकाळीच वेचायला निघाले होते. मायने त्यांना धुऱ्यावरूनच परत पाठवले.