येऊरला जायचं तर भर दुपारी

रानफुलांचे फोटो काढणारे ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात उजाडताच पोचतात. फुलांचे यूव्ही, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील उजेडातले फोटो काढणाऱ्यांनी तेव्हा खुशाल झोपावं. सूर्य खाली असला की अतिनील किरण हवेतच विखुरतात. हवी ती सप्टेंबरअखेरीची, पावसाने उघडीप दिलेली, घामाने भिजवणारी दुपार. ठाणे स्टेशनहून टीएमटीची बस वर गावापर्यंत जाते. रविवारी मात्र जाऊ नये; बंगल्यांवर निघालेल्या गाड्यांतली गाणी अख्ख्या जंगलाला ऐकावी लागतात.

तेरडा आणि कुर्डू रस्त्यालगतच भेटले. एकाच फुलाचे दोन फोटो घ्यायचे, एक साधा, एक यूव्ही. साधा मिनिटाचं काम, यूव्हीचा मात्र अंत पाहतो. सेन्सरपुढची यूव्ही-इन्फ्रारेड अडवणारी काच काढलेला फुल-स्पेक्ट्रम कॅमेरा लागतो. नव्या महागड्या लेन्सची कोटिंग्ज यूव्ही गिळतात; त्यापेक्षा डार्करूममध्ये फोटो मोठे करणाऱ्या एनलार्जरची जुनी ८० मिमी एल-निक्कोर लेन्स बरी.

खरी डोकेदुखी इन्फ्रारेडची. यूजी११ ही फिल्टरची काच यूव्ही सोडते, पण ७०० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेडही झिरपू देते, आणि सेन्सर तिथे कैक पटींनी संवेदनशील. म्हणून सोबत इन्फ्रारेड अडवणारी २ मिमी एस८६१२ काच लावायचीच. फोटोत पानं पांढुरकी आली तर इन्फ्रारेडची गळती आहे. खऱ्या यूव्हीत पानं काळपट येतात. शंका असेल तर त्याच एक्स्पोजरवर पुढे फक्त इन्फ्रारेड सोडणारा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर चढवा. फ्रेम काळीकुट्ट आली पाहिजे.

दोन्ही फोटोंमध्ये ट्रायपॉड हलवायचा नाही, फोकस मात्र नव्याने. अॅपर्चर पूर्ण उघडून लाइव्ह व्ह्यू मोठा करा, फोकस करा, मग एफ/८. व्हाइट बॅलन्स प्लंबरच्या टेफ्लॉन टेपवर. आयएसओ ८००लाही एक्स्पोजर सेकंदाच्या घरात, आणि येऊरचा वारा तेवढा दम धरत नाही. बांबूच्या काडीला कपड्याचा चिमटा बांधून देठ अलगद धरावा. फूल तोडायचं नाही, हे राष्ट्रीय उद्यान आहे.

सामग्री तपासायला आधी घरी सूर्यफूल घ्या. आपल्याला पिवळंधमक दिसणाऱ्या पाकळ्यांची टोकं यूव्हीत उजळ आणि बुडं काळी येतात. मधमाशीला हा फरक दिसतो.

आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारून चमकवलेल्या फुलांना ‘यूव्ही फोटो’ म्हणणं आता पुरे. ती प्रतिदीप्ती, म्हणजे यूव्ही पडल्यावर फुलातून निघणारा दिसणारा उजेड; साधा कॅमेराही टिपतो. ३६५ नॅनोमीटरचा तो टॉर्च वापरायचाच असेल तर यूव्ही अडवणारा चष्मा लावा.