उणे एक छेद बारा

"मामा, १ + २ + ३ असं अनंतापर्यंत मिळवत गेलं तर उत्तर उणे एक छेद बारा येतं. माहितीये?"

भाचा अकरावीत आहे. रामानुजनांनी १९१३ साली इंग्लिश गणिती हार्डींना हे पत्रातून कळवलं होतं, हेही त्याला पाठ.

मी विचारलं, "मग १ + १/२ + १/३ + १/४ … ची बेरीज?"

"पदं लहान होत जातात ना? म्हणजे कुठेतरी थांबणारच."

नाही थांबत. १/३ + १/४ अर्ध्याहून जास्त. १/५ ते १/८, पुन्हा अर्ध्याहून जास्त. पुढची आठ पदं, तेच. असे अर्धे संपतच नाहीत, म्हणून बेरीज कुठल्याही आकड्याच्या पुढे जाते. ही ओरेम या फ्रेंच विद्वानाची चौदाव्या शतकातली सिद्धता. आणि गंमत बघा, पहिली १०,००० पदं मिळवली तरी बेरीज १० च्या आतच!

मग पठ्ठ्याने कागद सोडला नाही. "पण मग १ + १/४ + १/९ वाली का थांबते?"

क्लासवाले म्हणतात, सीईटीला नाही ते बघू नकोस. व्हिडिओवाले थेट उणे एक छेद बारावर नेऊन सोडतात (साध्या बेरजेने ते उत्तर येतच नाही). अनंत बेरीज म्हणजे नेमकं काय, हे मात्र दोघांच्याही घाईत राहून जातं.

तुमच्याकडची अकरावी-बारावीची पोरं असलं काही विचारतात का? तुम्ही काय सांगता?