बेसिलचा शेंडा खुडताना हात आखडू नका

कुंडीतलं बेसिल, म्हणजे इटालियन स्वयंपाकातली तुळशीची बहीण, दीड-दोन महिन्यांत काटकुळं होतं, तुरे धरतं आणि पानं बारीक पडत जातात. खत कमी पडलं असं वाटून आपण आणखी खत घालतो. खरं तर बहुतेक वेळा शेंडा वेळेवर खुडलेला नसतो. तुळशीची पानं जपून, मोजकीच तोडायची सवय इथेही आड येते.

रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की खालून दुसऱ्या जोडीच्या किंचित वर दांडा कापा. त्या जोडीच्या बेचक्यांतून दोन नवे फुटवे येतात. तेही वाढले की तसेच खुडा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पाला काढू नका आणि खालची मोठी पानं राहू द्या, कारण नव्या फुटव्यांना तीच पोसतात. कळ्या दिसल्या की लगेच काढा. फुलोरा आला की नवी पानं मंदावतात, चवही कडवट होते. कापलेला शेंडा पाण्यात ठेवला तर आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात, म्हणजे रोप फुकट.

किराणा दुकानातला सब्जा म्हणजे याच जातीचं बी. तो उगवतो, पण पेस्टोला, म्हणजे बेसिलच्या इटालियन चटणीला लागणारं रुंद, मऊ पान त्याला सहसा येत नाही. त्यासाठी ‘जेनोवेसे’ वाणाचं बी घ्या. पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये पेरा, वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती. आठ इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत. रोज पाच-सहा तास ऊन हवंच.

पाणी वरची इंचभर माती सुकल्यावर, बुंध्याशी. एप्रिलच्या दुपारी पानं मलूल दिसली तरी आधी बोट खुपसून बघा. माती ओली असेल तर पाणी नको, संध्याकाळी झाड सावरतं. पावसाळ्यात शिरांमधला भाग पिवळा पडून पानाखाली करडी बुरशी दिसली तर तो केवडा नावाचा बुरशीचा रोग. अशी पानं तोडून टाका, झाडं दूर-दूर ठेवा, वारा खेळू द्या.

तोडलेले दांडे फ्रिजमध्ये नकोत, थंडीने पानं काळी पडतात. पाण्याच्या ग्लासात ओट्यावर ठेवा.

पेस्टोसाठी 50 ग्रॅम कोरडी पानं, लसणाची एक पाकळी, 20 ग्रॅम काजू, 40 ग्रॅम पार्मेझान चीज, 60 मिलिलिटर ऑलिव्ह तेल आणि चवीपुरतं मीठ. इटलीतल्या जेनोवा शहरातल्या मूळ कृतीत पाइनच्या बिया असतात, काजूने चव जरा गोडसर होते. मिक्सरचं भांडं आधी गार करा आणि थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवलं की पातं तापतं, रंग काळपटतो, वासही उडतो. जास्त झालं तर चीज न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि चीज वाढताना मिसळा.