त्या नराला मी पकडलं नाही

‘मुलाला चावलेला माकडाचा नर पकडायचा आहे,’ एवढाच निरोप होता. बेशुद्धीचं इंजेक्शन मारायची बंदूक आणि पिंजरा घेऊन मी पोहोचले, तोवर मुलावर उपचार होऊन तो घरी गेला होता. वडील मात्र परत येऊन थांबले होते. आधी जखमेचंच विचारलं. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुतली का? रेबीजची लस सुरू झाली का? दोन्ही झालं होतं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

त्यांच्या मोबाइलवर सगळं चित्रित झालेलं होतं. मुलगा खाऊचं पाकीट धरून नरासमोर उकिडवा बसलाय, त्याच्या डोळ्यांत बघत दात दाखवून हसतोय. नर भुवया वर ताणून, तोंड उघडून एकटक बघतोय. मागून कुणीतरी आनंदाने म्हणतं, “अरे, तोही हसतोय!” आणि पुढच्याच क्षणी चावा.

तो हसत नव्हता, बजावत होता. माकडांमध्ये रोखून बघणं ही धमकीच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना बार्बरी (उत्तर आफ्रिकेतल्या) माकडांचे चेहरे दाखवले होते; सवय नसलेल्यांनी काही वेळा चिडलेल्या चेहऱ्यांनाही शांत किंवा मैत्रीपूर्ण ठरवलं. अशा वेळी मला माणसांचा राग येत नाही. त्यांना हे कुणी शिकवलेलंच नसतं.

“डॉक्टर, आजच्या आज न्या त्याला,” वडील म्हणाले. त्यांचा संताप मला पूर्ण समजत होता, तरी मी नकार दिला. या माकडांच्या माद्या जन्मभर आपल्याच टोळीत राहतात, नर बाहेरून येतात. हा गेला की जागा रिकामी, मग दुसरा येणार आणि वर्चस्वासाठी नव्याने मारामाऱ्या. पाकिटात खाऊ असतो हे माद्या-पिल्लांना पाठच झालेलं, ते कुठे जाणार? शिवाय याला दूर सोडलं, तर परक्या टोळीकडून मार खाईल, नाहीतर सरळ दुसऱ्या वस्तीत शिरेल.

त्या जागेच्या व्यवस्थापनाला तिथे खाऊ विकणं थांबवायला आणि कचराकुंड्यांना माकडांना न उघडणारी झाकणं बसवायला लेखी कळवलं.

“मग पोराला काय सांगू?” वडिलांनी विचारलं.

“हात रिकामे ठेवायचे, डोळ्यांत बघायचं नाही, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरायचं. आणि लसीचा एकही डोस चुकवू नका.”