ब्रेड, ब्रेक आणि बीड

मुंबईतल्या एका रात्रशाळेत मी दहावीला इंग्रजी शिकवतो. दिवसभर राबून येणारी मंडळी. काही तर माझ्याहून वयानं मोठी. त्या संध्याकाळी शब्दलेखन चालू असताना बेकरीत काम करणाऱ्या एका गृहस्थांनी वही मिटली. "सर, बी-आर-ई-ए-डी म्हणजे ब्रेड. डीच्या जागी के आला की ब्रेक. ब्रेडमधला आर काढला की बीड. मधलं ई-ए तेच ना? मग आवाज तीन का?"

"इंग्रजी अशीच आहे, घोका" हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. कष्ट करून शिकायला आलेल्या माणसाला कारण कळायलाच हवं.

फळ्यावर तीन रकाने आखले आणि ई-ए असलेले शब्द वर्गाकडूनच मागवले. 'ई'चा रकाना भराभर खाली गेला : टी, सी, मीट, टीच, स्पीक. दुसऱ्यात आखूड 'ए'चे : ब्रेड, हेड, डेड, डेथ, ब्रेथ. तिसऱ्यात लांब 'ए'चे : ब्रेक, ग्रेट, स्टेक, आणि वर्ग थांबला. रोजच्या वापरातले तेवढेच आहेत. (बेअर, वेअर हे पुढे आर असलेले शब्द मी बाजूला ठेवले होते.)

तेवढ्यात तेच गृहस्थ म्हणाले, "सर, दुसऱ्या रकान्यातले सगळे डी नाहीतर टीएचवर संपतायत." मला फार आनंद झाला. मागून एक मुलगी म्हणाली, "पण बीडपण डीवरच संपतो." तेही खरं. हा कल आहे, नियम नव्हे.

मग इतिहास सांगितला. इंग्लंडातला पहिला मुद्रक कॅक्स्टन, त्यानं १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तेव्हा या बहुतेक शब्दांत एकच स्वर होता : आपल्या 'ए'पेक्षा तोंड जास्त उघडून म्हटलेला, लांब. पुढे छापखान्यांमुळे स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, पण जिभा बदलत राहिल्या. डी, टीएचच्या आधी तो स्वर अनेक शब्दांत आखूड झाला. बाकीच्यांत वर सरकत साधारण १७०० च्या सुमारास 'ई'ला मिळाला. ब्रेक, ग्रेट, स्टेक वाटेतच थांबले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात चहाला 'टे' म्हणणारेही होते, हे ऐकून वर्गात खसखस पिकली.

"म्हणजे स्पेलिंग जुन्या उच्चाराचं आहे," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.

पुढच्या तासाला ओ-ओ घेतलं : फूड, बुक, ब्लड. तिन्हींत मूळ स्वर लांब 'ओ', तो 'ऊ' झाला. ब्लडमध्ये तो लवकर आखूड झाला, म्हणून पुढच्या बदलात सापडून 'अ'पर्यंत गेला. बुकमध्ये उशिरा आखूड झाला, म्हणून 'उ'वरच राहिला. फूड लांबच राहिला.

आता मी शब्दांची यादी धड्यांप्रमाणे देत नाही, आवाजांच्या रकान्यांप्रमाणे देतो. आरवाले शब्द मात्र शेवटी घेतो, कारण तिथे लंडन आणि न्यूयॉर्कचे उच्चारच वेगळे होतात.