इटालियन रेड वाइन अपडेट: सध्या नेबिओलो

किआन्ती (तोस्कानातली रेड वाइन) पिऊन झाल्यावर पुढे काय असं बऱ्याच जणांनी विचारलेलं, तर सध्या सगळा मुक्काम वायव्य इटलीतल्या पिएमोन्तेत, नेबिओलो या द्राक्षावर. याच द्राक्षाची नावाजलेली वाइन बारोलो मुद्दाम मागे ठेवलीये, नियमानेच तिचं ३८ महिने एजिंग (मुरवणं), त्यातले किमान १८ लाकडी पिंपात, आणि किंमत बघता आधी द्राक्ष ओळखीचं झालेलं बरं. म्हणून आधी लांगे नेबिओलो (पिएमोन्तेतल्याच लांगे टेकड्यांवरची) घेतली, तिला लाकडाची सक्ती नाही त्यामुळे द्राक्षाची चव थेट लागते, सुकलेला गुलाब, आंबट चेरी आणि दुसऱ्या घोटापासून टॅनिन (द्राक्षातलं तुरट द्रव्य) हिरड्या धरतं ते सोडतच नाही. रंग मात्र इतका फिकट की ग्लासमागचं अक्षर वाचता येतं! सालीत रंगद्रव्यच कमी, टॅनिन भरपूर. गडद म्हणजे दमदार असं ज्यांना वाटतं त्यांना ही आधी पाजा.

मग उत्तर इटलीतल्या वाल्तेल्लिना खोऱ्यातली वाइन. द्राक्ष तेच, तिकडे किआवेन्नास्का म्हणतात, आल्प्समध्ये आद्दा नदीच्या वरच्या उभ्या उतारावर दगडी बांध घालून लावलेलं, तिथे मशीन नेणार कुठून, सगळं हातानेच. मी घेतलेली तिथल्या सास्सेल्ला भागातली होती, लांगेपेक्षा सडसडीत, ॲसिड जास्त जाणवतं. सोबत जुनं चीज ठेवा, टॅनिन प्रोटीनला चिकटतं आणि तोंड कोरडं पडत नाही, नुसती प्यायलात तर शिव्या घालाल. माझ्या मते पैसे वसूल इथेच, नावाचे जास्तीचे पैसे मोजावे लागत नाहीत.

मध्येच सिसिलीतल्या एत्ना ज्वालामुखीच्या उतारावरची एक उघडली, नेरेल्लो मास्कालेसे द्राक्षाची, हीपण फिकट आणि टॅनिनवाली, म्हणून शेजारी ठेवून बघायची होती. ज्वालामुखीच्या वाळूत फायलोक्सेराचं (वेलीची मुळं खाणारी कीड, तिच्यामुळेच बाकीकडे वेली कलम करतात) फारसं चालत नाही, त्यामुळे तिकडे कलम न केलेल्या जुन्या वेली अजून आहेत. चव वेगळीच, गुलाब कमी, लाल फळं आणि थोडा धूर (धूर मला वाटला, ज्वालामुखी डोक्यात होता म्हणूनही असेल). पिएमोन्तेतल्या बाकीच्या द्राक्षांच्या, बार्बेरा आणि दोल्चेत्तो, रोजच्या जेवणाला मस्त, त्यावर वेगळं लिहीत नाही.

पुढचा नंबर आल्यानिकोचा, म्हणजे दक्षिण इटलीतल्या काम्पानियातली ताउरासी वाइन. उशिरा पिकणारं द्राक्ष, बऱ्याचदा तोडणी नोव्हेंबरवर जाते, आणि टॅनिन नेबिओलोच्या तोडीचं. बाटली आणून ठेवलीये पण तरुण आहे. कोणी प्यायलं असेल तर किती तास आधी डिकँट केली (हवा लागायला दुसऱ्या भांड्यात ओतली) तेवढं सांगा.