शून्याची रेषा सोलापूरच्या वेशीवरून जायची

इथं लंडनमध्ये ग्रीनिचला लोक तिकीट काढून रांगेत उभे राहतात, शून्य रेखांशाच्या पट्टीवर एक पाय पूर्वेला एक पश्चिमेला ठेवून फोटो काढतात. परवा ते बघितलं आणि डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

आहे काय तर फरसबंदीत बसवलेली धातूची पट्टी. त्यावर उभं राहून मोबाईल बघितला तर शून्य येतच नाही! जीपीएसचं शून्य तिथून 102 मीटर पूर्वेला, बाहेर बागेत. 1851 मध्ये तिथल्या वेधशाळेचे प्रमुख एअरी साहेबांनी दुर्बीण पाऱ्याच्या पृष्ठभागावरून सरळ करून घेतली, तिच्यावरूनच शून्याची रेषा धरली, पण त्या जागचं गुरुत्वाकर्षण किंचित तिरकं ओढतं, उपग्रह मात्र पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतात. पण म्हणून यांनी पट्टी उखडली नाही, जिथल्या तिथे जपली. हे बाकी मानलं पाहिजे.

आता आपलं. विषुववृत्त कुठं ते पृथ्वीच ठरवते, ती स्वतःभोवती फिरते म्हणून. रेखांशाचं शून्य मात्र माणसांनी ठरवायचं. 1884 ला वॉशिंग्टनमध्ये 25 देश बसले आणि ग्रीनिच ठरलं, कारण बहुतेक जहाजांचे नकाशे आधीच तिथून मोजलेले होते. फ्रान्स मतदानात तटस्थ राहिला आणि 1911 पर्यंत पॅरिसचीच वेळ धरून बसला. आणि आपल्याकडे तर त्याच्या कितीतरी शतकं आधी सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात मध्यरेषा सांगितलेली आहे, लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र अशी, ग्रहांचं सगळं गणित तिथून सुरू व्हायचं.

उज्जैनचे रेखांश सुमारे 75.8, सोलापूरचे सुमारे 75.9. म्हणजे ती रेषा आपल्या गावापासून दहा-पंधरा किलोमीटरवर, मोहोळ आणि सोलापूरच्या मधे पुणे हायवे ओलांडून जाते! एवढ्या वेळा त्या रस्त्यानं एसटीनं गेलो, एक पाटी नाही.

लंडनमध्ये बसून बोलायला काय जातंय असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पोटासाठी इकडं आलोय, गाव सोडलेलं नाही, आणि लांबून बघितल्यावरच हे दिसलं हेही खरंय. इथं जूनमध्येसुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही, साधारण 62 अंशांवर थांबतो. आपल्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुडात जाते. ऑगस्टच्या सुरुवातीला परत एकदा, पण तेव्हा ढग असतात. घड्याळ मिर्झापूरजवळच्या 82.5 रेखांशाचं असल्यामुळे आपली खरी दुपार मेमध्ये साडेबाराच्या जरा आधी होते.

तर मोहोळकर, सोलापूरकर, एवढं करा. हायवेनं जाताना मोबाईलवर 75.8 कुठं येतं ते बघा, जागेचा फोटो पाठवा. पाटीसाठी अर्ज लिहून ठेवलाय, सह्या तुमच्या लागतील, आणि खर्चाला मी आहे.